शेठला विचारून सांगतो



कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "साहेबांना विचारून सांगतो." साहेब मीटिंगला गेलेले असतात. मीटिंग कधी संपेल हे कुणालाच माहीत नसतं. आपण वैतागतो, बाहेर टपरीवर येतो आणि कटिंग घेत घेत सगळ्या व्यवस्थेचा उद्धार करतो.

आता तुमच्या दुकानात या. कस्टमर विचारतो, "पाच किलो घेतलं तर काय कमी कराल?" काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "शेठला विचारून सांगतो." शेठ म्हणजे तुम्ही. तुम्ही बँकेत लायनीत उभे, फोन सायलेंटवर. कस्टमर दोन मिनिटं थांबतो आणि पलीकडच्या दुकानात जातो. मला सांगा, त्या कचेरीत आणि तुमच्या दुकानात फरक काय राहिला? कचेरीतला माणूस निदान परत तरी येतो, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच नसते. तुमचा कस्टमर परत येत नाही.

म्हणून आजचा विषय थोडा वेगळा घेतलाय. स्टाफला निर्णयात सामील करून घेणं, म्हणजे सहभागी नेतृत्व. आणि हे मी कुठल्या मोठ्या कंपनीच्या गोष्टीवरून सांगणार नाही, सरकारी खात्यावरून सांगणार आहे. हसू नका. जिथे पगार तुमच्या हातात नाही, कुणाला काढून टाकणं जवळपास अशक्य आहे, बोनसचं गाजर दाखवता येत नाही, तिथे एखाद्याने त्याच माणसांकडून काम करून दाखवलं असेल तर ते आपल्याला शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे तर पगारही आपल्या हातात आहे आणि माणसं निवडायची मोकळीकही आहे.

सुरत घ्या. आपल्या खानदेशातली हजारो कुटुंबं तिथे लूमवर आणि मार्केटमध्ये पोट भरतात. लिंबायत, उधना या भागात फिरा, मराठी ऐकू येईल. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आली. पावसाळ्यात पाणी तुंबलेलं, कचऱ्याचे ढीग, मेलेली जनावरं. बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. कारखाने बंद, बाजार बंद. त्या वेळी सुरतचं नाव काढलं की लोक नाकाला रुमाल लावायचे.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव नावाचे अधिकारी तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले. साधारण दीड-दोन वर्षांत त्याच सुरतचं नाव चंदीगडनंतर देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हणून घेतलं जाऊ लागलं. लक्षात घ्या, महापालिका तीच होती. झाडूवाले तेच, इंजिनिअर तेच, क्लार्क तेच. प्लेगच्या वेळी ज्यांच्या नावाने शहर बोटं मोडत होतं, त्याच माणसांनी हे केलं.

मग बदललं काय? बऱ्याच गोष्टी बदलल्या. पण आपल्या कामाची गोष्ट अशी. राव यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनला एक प्रमुख नेमला आणि आयुक्ताकडे असलेले आर्थिक आणि प्रशासकीय अधिकार मोठ्या प्रमाणावर त्याच्याकडे दिले. आधी काय व्हायचं, तर आरोग्यवाला त्याच्या खात्याच्या साहेबाकडे बघायचा, रस्त्यावाला त्याच्या साहेबाकडे, टॅक्सवाला तिसऱ्याकडे आणि हे सगळे शेवटी आयुक्ताच्या सहीकडे. गटार तुंबलं तर ते कुणाचं हे ठरेपर्यंत आठवडा जायचा. आता त्या भागातलं गटार, रस्ता, कचरा, सगळं एकाच माणसाच्या अंगावर. आणि त्याला वर विचारायला जायची गरज नाही. खर्च कर, काम कर.

दुसरी गोष्ट, अधिकाऱ्यांनी सकाळचे तास रस्त्यावर घालवायचे. सुरतमध्ये याला गमतीने 'एसी टू डीसी' म्हणायचे. एअर कंडिशनरमधून उठा आणि डेली चोअर्सला, म्हणजे रोजच्या कामाला लागा. स्वतः आयुक्तही रस्त्यावर. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोज दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचं. महिन्यातून एकदा नाही, रोज. सकाळी काय बघितलं, कुठे अडलं, कुणाची मदत लागणार, हे समोरासमोर बोलायचं. एका झोनला जमलं आणि दुसऱ्याला जमलं नाही, तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर यायचं. आता तुम्हीच विचार करा, अशा मीटिंगमध्ये "साहेबांना विचारून सांगतो" कोण म्हणेल? साहेब समोरच बसलाय, आणि त्याने अधिकार तुलाच दिलेत.

इथे एक स्पष्ट करतो, कारण सहभागी नेतृत्व म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोड बोलणारा, सगळ्यांच्या कलाने घेणारा बॉस येतो. राव तसे अजिबात नव्हते. बेकायदा बांधकामं पाडली, आणि सुरुवात मोठ्या माणसांपासून केली. घाण करणाऱ्यांना दंड केले. शहर स्वच्छ ठेवायचं की नाही यावर त्यांनी मतदान घेतलं नाही. ते ठरलेलं होतं. कसं ठेवायचं, कुठे आधी हात घालायचा, पैसा कशावर लावायचा, हे झोनवाल्यांकडे. काय करायचं हे मालकाने ठरवायचं आणि कसं करायचं हे करणाऱ्याने. ही एवढी एक रेघ ज्याला आखता आली त्याचं निम्मं काम झालं. आपले बरेच मालक नेमके उलटे वागतात. धंदा कुठे न्यायचाय हे स्टाफला कधी सांगत नाहीत, आणि पार्सलला दोरी कशी बांधायची यावर मात्र दिवसभर मागे उभे राहून सूचना देतात.

राव १९९७ मध्ये बदलून गेले. साधारणपणे आपल्याकडे काय होतं? चांगला साहेब गेला की चार महिन्यांत येरे माझ्या मागल्या. सुरतमध्ये तसं झालं नाही. नंतरच्या आयुक्तांनी ती घडी चालू ठेवली. २०२० पासून सलग तीन वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात सुरत देशात दुसरी, आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने पहिली. मधल्या काळात अनेक माणसांचे हात त्याला लागले, सगळं श्रेय एकाला देऊ नये. पण माझं मत असं की काम एका माणसाच्या डोक्यात न राहता झोनच्या टेबलावर उतरलं होतं, म्हणून ते टिकलं. तुमच्या धंद्यासाठी हा प्रश्न लिहून ठेवा. उद्या तुम्हाला डेंग्यू झाला आणि पंधरा दिवस झोपून राहावं लागलं, तर सोळाव्या दिवशी दुकानाचं काय झालेलं असेल? माझ्या बॅचमध्ये हा प्रश्न विचारला की वर्ग एकदम शांत होतो.

आता दुसरी बाजू. सरकारी क्षेत्रात सहभागाचे फसलेले प्रयोगही ढिगाने आहेत, आणि ते कायद्याने झालेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद आली की १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे मालक आणि कामगार यांची संयुक्त समिती करायला लावता येईल. १९७५ मध्ये योजना आली. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने थेट राज्यघटनेत कलम आलं की उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा. १९८३ मध्ये केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांसाठी पुन्हा नवी योजना. कागद बघितला तर आपण जगात पुढे असायला हवे होतो.

प्रत्यक्षात काय झालं? १९५९ मध्ये भारतीय श्रम परिषदेने एक यादी केली होती, अशा समित्यांनी कशावर बोलावं आणि कशावर बोलू नये याची. बोलावं: उजेड, हवा, पिण्याचं पाणी, कॅन्टीन, सणाच्या सुट्ट्या. बोलू नये: पगार, बोनस, कामाचं ओझं किती असावं, कामाची फेररचना, कामगारकपात, पुढच्या विस्ताराच्या योजना. त्यामागे कारण होतं, हे विषय युनियनशी वाटाघाटीचे किंवा मालकाच्या अखत्यारीतले मानले गेले. पण परिणाम बघा. ज्या माणसाने मशीनवर वीस वर्षं काढली त्याला मशीनबद्दल कुणी विचारायचं नाही, आणि कॅन्टीनच्या उसळीबद्दल मात्र ठराव करायचा. मग समित्या कागदावर राहिल्या, नाहीतर चहा-बिस्किटावर.

हसायला सोपं आहे. पण तुम्ही तरी काय वेगळं करता? "आमच्याकडे सगळ्यांना विचारूनच होतं" म्हणणाऱ्या मालकाला मी विचारतो, शेवटचं काय विचारलं होतं? उत्तर येतं, दिवाळीला मिठाई द्यायची की भांडी. याला सहभाग म्हणत नाहीत. नवं मशीन घ्यायचं तेव्हा ते चालवणाऱ्याला दाखवलंत का? रेट वाढवायचा होता तेव्हा काउंटरवर रोज कस्टमरची तोंडं बघणाऱ्या पोराला विचारलंत का? माणसाला कळतं हो, त्याचं मत खरंच हवंय की फोटोपुरतं हवंय. आणि खोटं विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी खरं विचारलंत तरी तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळा होतो.

यावर एक जुना प्रयोग आहे, शिलाई युनिटवाल्या ताईंना विशेष आवडेल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. नगावर मजुरी. कामाची पद्धत बदलली की बायका नाराज, उत्पादन खाली, नोकरी सोडणं वर. कोच आणि फ्रेंच या दोन अभ्यासकांनी तिथे गट पाडले आणि १९४८ मध्ये निकाल छापला. एका गटाला नेहमीसारखं सांगून टाकलं, उद्यापासून असं करायचं. त्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणींनी काम सोडलं. ज्या गटांतल्या प्रत्येकीला नवी पद्धत ठरवताना सोबत घेतलं, त्यांचं उत्पादन लवकर सावरलं आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. काम तेच, बदलही तसाच.

हा प्रयोग सांगून बरेच ट्रेनर थांबतात. मी थांबणार नाही, कारण तुम्ही तुमचे पैसे लावताय. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले, आणि १९९४ मध्ये वॅग्नर या अभ्यासकाने ते सगळे एकत्र तपासले तेव्हा दिसलं की सहभागाचा कामगिरीवर परिणाम होतो खरा, पण सरासरीने तो छोटा असतो. म्हणजे स्टाफला विचारायला लागलात आणि महिन्यात गल्ला दुप्पट झाला, असं होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याला फी देऊ नका. छोटा परिणाम मोठा कधी होतो, तर विचारण्यासोबत अधिकार आणि माहिती दिली जाते तेव्हा. हे माझं मत, अनुभवातून बनलेलं.

माहितीवरून हिवरे बाजार आठवतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यातलं हे गाव बहुतेकांनी ऐकलंय. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेलं होतं. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पाणलोटाची कामं झाली, झाडं लागली, हे सगळे सांगतात. मला त्यातलं भावतं ते पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी मोजायची, हिशेब सगळ्या गावासमोर मांडायचा. आधी माणसांना आणि जनावरांना पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यात यंदा कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस-केळीवर बंधन.

विचार करा, शेतकऱ्याला "तू ऊस लावू नको" सांगणं किती अवघड! आदेश काढून हे झालं असतं का? कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या, आणि रात्री मोटारी चालल्या असत्या. पण ज्याने स्वतः आकडा बघितलाय, ज्याला माहीत आहे की एकूण पाणी एवढंच आहे आणि मी जास्त ओढलं तर शेजाऱ्याच्या गोठ्यात कमी पडणार, त्याच्याशी बोलणं सोपं होतं. ग्रामपंचायतीच्या हाती ना पगार होता ना बोनस. हिशेब उघडा होता.

आणि आपण? आपण आकडे तिजोरीत ठेवतो. समजा तुमची मेस आहे, रोज ६० डबे जातात. स्वयंपाकघरातल्या मावशींना माहीत आहे का, १९ किलोचं कमर्शियल सिलेंडर किती दिवस चालायला हवं? एका डब्याला तेल किती रुपयांचं लागतं? त्यांना वाटतं ६० डबे गुणिले डब्याचा रेट म्हणजे मालकाची कमाई. मग महिन्याच्या शेवटी तुम्ही "हात आखडा, तेल कमी वापरा" म्हणालात की त्यांना तुम्ही चिंधी वाटता. भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावा. आज सिलेंडर लावलं ती तारीख, तेलाचा डबा उघडला ती तारीख, परत आलेले डबे, कमेंट काय आली. बस. नफ्याचा आकडा लगेच नका दाखवू, मी तसं म्हणत नाही. ज्या आकड्यावर त्यांच्या हाताचा परिणाम होतो तो दाखवा. दोन महिन्यांत मावशी स्वतःहून सांगतील की गॅस कुठे वाया जातो. त्यांना ते आजही माहीत आहे, तुम्ही विचारलेलं नाही.

अधिकाराचंही तसंच, तो रुपयांत द्या. "तुम्ही आपलं समजून काम करा" हे वाक्य ऐकायला छान, पण त्याने काहीच होत नाही. काउंटरच्या पोराला सांगा, बिलावर ५ टक्क्यांपर्यंत कमी करायचं असेल तर मला विचारायचं नाही. खराब माल परत आला, ३०० रुपयांच्या आत असेल तर लगेच बदलून द्यायचा, वहीत लिहायचं. गॅरेज असेल तर ५०० रुपयांपर्यंतचा पार्ट मेकॅनिकने स्वतः मागवायचा. आकडा तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा. एवढाच ठेवा की तो पूर्ण बुडाला तरी तुमची झोप जाणार नाही. आणि मग एक पथ्य पाळा. पोराने दिलेल्या मर्यादेत चुकीचा निर्णय घेतला, तर कस्टमरसमोर तो फिरवायचा नाही आणि चारचौघांत बोलायचं नाही. एकदा जरी फिरवलात तर तो अधिकार संपला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "शेठला विचारून सांगतो" सुरू.

काही गोष्टी मात्र देऊ नका. उधारी कुणाला द्यायची, बँकेची सही, मालाच्या दर्जाची किमान पातळी, आणि कोण कामावर राहणार कोण नाही. हे मालकाचं. राव यांनीही शहर स्वच्छ ठेवायचं की नाही हे झोनवर सोडलं नव्हतं. आणि आग लागली असताना मीटिंग घेत बसू नका. ऑर्डर दोन तासांत द्यायची आहे, मशीन बंद पडलंय, तर तुम्ही सांगायचं आणि सगळ्यांनी पळायचं. विचारविनिमय दुसऱ्या दिवशी.

आता तो प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त येतो. "सर, सगळं शिकवलं, रेट सांगितले, कस्टमर ओळखीचे करून दिले, आणि पोरगं उद्या समोरच दुकान टाकून बसलं तर?" भीती खरी आहे, मी तिला खोटी म्हणणार नाही. असं होतं. पण दोन गोष्टी बघा. ज्याला दुकान टाकायचंय तो तुम्ही लपवलंत तरी टाकतो, कारण व्यापाऱ्याचा नंबर आणि कस्टमरचा चेहरा त्याला रोज दिसतोच. आणि न शिकवल्यामुळे जो राहतो, तो कसला माणूस राहतो? ज्याला बाहेर कुणी घेत नाही तो. असा स्टाफ घेऊन तुम्ही धंदा वाढवणार आहात का? मूळ मसाल्याचा फॉर्म्युला, खरेदीचे करार हे तुमच्या कुलपात ठेवा, जरूर ठेवा. पण त्या भीतीपोटी पाच किलोवर काय कमी करायचं हेसुद्धा कुलपात ठेवलंत, तर दुकानाची किल्ली कायम तुमच्याच गळ्यात राहील, आणि लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगलाही तुम्ही फोन कानाला लावून बाहेर उभे असाल.

राहिली रोजची मीटिंग. मोठं काही नको. दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं, उभ्या उभ्या, चहा हातात. तीन प्रश्न. काल कुठे अडलं? आज काय मोठं आहे? माझ्याकडून काय हवंय? पहिला आठवडा कुणी बोलणार नाही. सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघतील. तुम्हाला वाटेल फुकट वेळ जातोय आणि तुम्हीच भाषण सुरू कराल. तेवढं करू नका. गप्प बसायला शिका, हे बहुतेक मालकांना सगळ्यात जड जातं. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी हळूच म्हणेल, "ते वजनकाट्याचं बघा ना, सकाळी दहा ग्रॅम जास्त दाखवतो." त्याच दिवशी काटा दुरुस्त करून आणा. बाकीची कामं थांबली तरी चालतील. बाकीचे बघत असतात, बोललेल्याचं पुढे काय होतं ते.

या आठवड्यात एवढंच करा. एका कागदावर रेघ मारा आणि दिवसभरात "शेठला विचारून सांगतो" किंवा "मालक, काय करू?" किती वेळा ऐकलं ते मोजा. प्रत्येक वेळी प्रश्न काय होता तेही लिहा. शनिवारी ती यादी घेऊन स्टाफसोबत बसा आणि त्यांनाच विचारा, यातले कोणते प्रश्न पुढच्या सोमवारपासून मला विचारायचे नाहीत. आलेला आकडा आणि त्यातला एक प्रश्न मला व्हिडिओच्या खाली लिहून पाठवा. मेस, गॅरेज, शिलाई, किराणा, ज्याचे जास्त येतील त्या धंद्याची अधिकारांची यादी पुढच्या व्हिडिओत आपण बोर्डवर एकत्र बनवू.